ट्रिम: वेलस्ली घराण्याच्या हातातला आयर्लंडमधला जुना मतदारसंघ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे ट्रिम नेमकं आहे कुठे?

आयर्लंडमध्ये, मीद काउंटीत. डब्लिनपासून वायव्येला साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बॉइन नदीच्या काठावर. आजही लोकसंख्या दहा हजारांच्या आतच आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढं. आयरिश भाषेत गावाचं नाव 'बाल्या आहा ट्रिम', अर्थ असा की एल्डरच्या झुडपांपाशी नदीला जिथे उतार (चालत ओलांडता येईल अशी उथळ जागा) आहे ते गाव. हा उतार शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गाव लहान असलं तरी साधं कधीच नव्हतं. ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराने बाराव्या शतकात इथे किल्ला बांधायला घेतला आणि नॉर्मन लोकांनी आयर्लंडमध्ये बांधलेल्या किल्ल्यांमधला हा सगळ्यात मोठा. मधला बुरूज वीस बाजूंचा आहे, असं बांधकाम सहसा बघायला मिळत नाही. पंधराव्या शतकात इथे नाणी पाडली जायची, आणि १४६५ मध्ये तर आयर्लंडची पार्लमेंटच ट्रिममध्ये भरली होती. त्या बैठकीत असा कायदा झाला की इंग्रजी अंमलाखालच्या भागात राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनावं घ्यायची. आडनावावरून माणूस ओळखायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यातली बोच वेगळी सांगायला नको.

आयरिश पार्लमेंट म्हणजे आत्ताची आयर्लंडची संसद का?

नाही, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आत्ताची संसद स्वतंत्र आयर्लंडची. आपण बोलतोय ती त्याआधीची, डब्लिनमध्ये भरणारी जुनी पार्लमेंट, जी १८०० च्या शेवटाबरोबर संपली. तिच्यात वरचं आणि खालचं अशी दोन सभागृहं होती, राजा मात्र इंग्लंडचाच. १४९४ च्या पॉयनिंग्ज कायद्यामुळे लंडनच्या मंजुरीशिवाय तिला नवा कायदा करता येत नव्हता, मग १७८२ मध्ये हेन्री ग्रॅटन आणि त्याच्या सोबत्यांनी जोर लावल्यावर ती दोरी बरीच सैल झाली. डब्लिनच्या कॉलेज ग्रीनवर तिची इमारत अजून उभी आहे, आता तिथे बँक ऑफ आयर्लंड आहे. वरच्या सभागृहाचं दालन तसंच राखलंय, खालच्या सभागृहाचं मात्र बँकेने ठेवलं नाही. ट्रिमचे खासदार बसायचे ते याच खालच्या सभागृहात.

एवढ्याशा गावाला दोन-दोन खासदार कसे काय?

तेव्हाचा हिशोब लोकसंख्येवर नव्हताच. खालच्या सभागृहात एकूण ३०० जागा होत्या. ३२ काउंट्यांना प्रत्येकी २ म्हणजे ६४, डब्लिन विद्यापीठाला २, आणि उरलेल्या २३४ जागा ११७ शहरांना आणि गावांना, ज्यांना बरो म्हणत. म्हणजे अख्ख्या मीद काउंटीला दोन खासदार आणि त्याच काउंटीतल्या एकट्या ट्रिमलाही दोनच. कधीतरी राजाने सनद दिली की गाव बरो व्हायचं, मग पुढे ते वाढो नाहीतर ओसाड पडो, जागा तशाच चालू राहायच्या.

मग मत कोण द्यायचं? गावातली सगळी माणसं?

छे. ट्रिममध्ये मताचा हक्क गावच्या कॉर्पोरेशनपुरता होता. त्याचा प्रमुख म्हणजे पोर्ट्रीव, आपल्या नगराध्यक्षासारखा, त्याच्या खाली बर्जेस नावाचे सभासद आणि मग फ्रीमन. फ्रीमन म्हणजे ज्यांना कॉर्पोरेशनने आपल्यात घेतलंय ते. कुणाला घ्यायचं हे ठरवणार कॉर्पोरेशनच, त्यामुळे कॉर्पोरेशन ज्याच्या हातात मतदार यादी त्याच्या हातात, इतकं सरळ होतं सगळं.

त्यात १७४७-४८ च्या सुमारास न्यूटाउन कायदा म्हणून एक कायदा आला आणि त्याने बर्जेस माणसाने त्या गावात राहिलंच पाहिजे ही अटही काढून टाकली. मोठ्या घराण्यांना हवं तेच मिळालं, बाहेरगावचे नातेवाईक आणि मित्र आणून बसवायचे आणि निवडणुकीच्या दिवशी तेवढं हजर करायचं. आणि हे मतदान गुप्त नव्हतं बरं का, गुप्त मतदान तिकडे १८७२ मध्ये आलं. सगळ्यांदेखत तोंडाने नाव सांगायचं, समोर जमीनदाराचा माणूस बसलेला.

निवडणुकाही क्वचितच व्हायच्या. १७६८ चा अष्टवार्षिक कायदा येईपर्यंत एक राजा जिवंत असेतो तीच पार्लमेंट चालू शकायची, दुसऱ्या जॉर्जच्या काळातली पार्लमेंट १७२७ पासून १७६० पर्यंत चालली. तेहतीस वर्षं! त्यात जन्मलेलं पोर बापाच्या वयाचं झालं तरी सार्वत्रिक निवडणूक म्हणून काही त्याने बघितली नसेल.

कॅथलिक लोकांचं काय? ते तर बहुसंख्य होते ना?

होते, आणि तेच बाहेर होते. १६९१ पासून पार्लमेंटमध्ये बसण्यासाठी अशी शपथ घ्यावी लागायची की ती कुठल्याही श्रद्धावान कॅथलिकाला घेणं शक्य नव्हतं. १७२८ मध्ये मताचा हक्कही काढून घेतला. तो परत मिळाला १७९३ मध्ये, पण फक्त मत द्यायचा, निवडून यायचा नाही. आणि ट्रिमसारख्या बरोत त्याचाही फारसा उपयोग नव्हता, कारण मत हवं असेल तर आधी कॉर्पोरेशनने फ्रीमन करून घ्यायला हवं आणि ते दार उघडायचं की नाही हे आत बसलेल्यांच्या मर्जीवर.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. खासदारांची नावं, तारखा, सगळं नीट लिहून ठेवलेलं सापडतं. बॉइनच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईचं किंवा आठवडी बाजारात गुरं घेऊन येणाऱ्या कुळाचं म्हणणं काय होतं, हे विचारायची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

वेलस्ली घराण्याकडे हा मतदारसंघ आला कसा?

ट्रिमजवळच डँगन नावाची मोठी इस्टेट होती, वेस्ली घराण्याची. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली वारला, त्याला मूलबाळ नव्हतं, तर त्याने इस्टेट रिचर्ड कॉली या नातलगाला ठेवली, अट एकच की आमचं आडनाव लावायचं. म्हणजे आपल्याकडे दत्तक घेताना व्हायचं तसंच. हा रिचर्ड १७२९ पासून १७४६ पर्यंत ट्रिमचा खासदार होता, मग त्याला बॅरन मॉर्निंग्टन ही पदवी मिळाली आणि तो वरच्या सभागृहात गेला.

तिथून पुढे एक साखळीच सुरू होते. पदवी मिळाली की खालच्या सभागृहातली जागा सोडावी लागायची, मग ती जागा घरातल्या पुढच्या माणसाला. रिचर्डचा मुलगा गॅरेट १७५७ मध्ये ट्रिमचा खासदार झाला आणि पुढच्याच वर्षी बाप गेल्यावर वर गेला (हा माणूस संगीतकार होता, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक). त्याचा थोरला मुलगा रिचर्ड १७८० मध्ये आला, १७८१ मध्ये वडील वारले, तो अर्ल झाला. मग दुसरा भाऊ विल्यम १७८३ ते १७९०. मग तिसरा आर्थर १७९० पासून, हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आणि १७९५ मध्ये थोडा काळ धाकटा हेन्रीसुद्धा, ट्रिमच्या दुसऱ्या जागेवर. चार सख्खे भाऊ, एकच गाव. वाड्यातल्या खोल्या वाटून घ्याव्यात तशी जागा वाटून घेतलेली. अशा मतदारसंघाला इंग्रजीत पॉकेट बरो म्हणायचे, म्हणजे खिशातला.

आधी वेस्ली आणि नंतर वेलस्ली, हे काय प्रकरण आहे?

घराण्याने जुन्या काळचं लांब रूप परत लावायला घेतलं, एवढंच. आर्थर १७९८ पर्यंत वेस्ली अशीच सही करत होता, वेलस्ली ही सही तो भारतात असताना सुरू झाली. त्यामुळे ट्रिमच्या यादीत तुम्हाला आर्थर वेस्ली दिसला तर दुसरा कोणी समजू नका.

आर्थर निवडून आला तेव्हा तो वयात तरी होता का?

नव्हता. एप्रिल १७९० मध्ये निवड झाली आणि त्याला एकविसावं पूर्ण व्हायचं होतं. नियम होता एकवीसचा, पण जागा घरची असल्यावर कोण बोलणार.

निवडणुकीच्या आधीची एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ट्रिमच्या कॉर्पोरेशनपुढे ठराव आला की हेन्री ग्रॅटनला गावचं मानद फ्रीमनपद द्यावं. ग्रॅटन म्हणजे तेव्हाचा आयर्लंडचा सगळ्यात गाजलेला नेता, वर सांगितलेल्या १७८२ च्या लढ्याचा म्होरक्या. तर वीस वर्षांचा आर्थर उठला आणि विरोधात बोलला. मुद्दा असा मांडला की माणूस मोठा आहे, आदरणीय आहे, एवढ्यावरून जर फ्रीमन करायचं तर उद्या सगळ्यांनाच करावं लागेल. ठराव पडला. मुद्द्यात तसा दम नाही, पण घराण्याच्या फायद्याच्या दृष्टीने बघितलं तर अगदी चोख काम, कारण ग्रॅटनसारखा माणूस आत आला तर त्याच्यामागून त्याची माणसं येणार आणि मग ही घरची जागा घरची राहील कशी? हा मुलगा पुढे काय करणार आहे याची चुणूक मला तरी त्या सभेतच दिसते: आधी जमीन बघायची, कोण कुठे उभा आहे ते बघायचं, मग बोलायचं.

पार्लमेंटमध्ये त्याने केलं काय?

फारसं काही नाही. तो त्या वेळी डब्लिन कॅसलमध्ये व्हाइसरॉयचा एडीसी, म्हणजे दिमतीचा लष्करी अधिकारी होता, दिवसाला दहा शिलिंग भत्ता, म्हणजे सरकारी बाजूचाच माणूस. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या भाषणावरच्या आभाराच्या ठरावाला त्याने अनुमोदन दिलं, कॅथलिकांना मताचा हक्क देण्याच्या बाजूनेही बोलला, पण त्यांना पार्लमेंटमध्ये बसू देण्याच्या बाजूने नाही. त्याच वर्षी तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, १७९४ मध्ये फ्लँडर्सच्या मोहिमेवर गेला, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला. खासदारकीच्या यादीत मात्र त्याचं नाव १७९७ पर्यंत आहे. ट्रिमचा लोकप्रतिनिधी हुगळीच्या काठावर आणि ट्रिमची माणसं बॉइनच्या.

म्हणजे आपल्याकडे असईला लढला तो हाच का?

हाच. आणि त्याला पाठवणारा गव्हर्नर जनरलसुद्धा ट्रिमचाच माजी खासदार, थोरला भाऊ रिचर्ड, १७९८ पासून १८०५ पर्यंत. धाकटा हेन्रीही भारतात त्याच्यासोबत होता. मराठेशाहीचा शेवट जवळ आणणारी ती तैनाती फौजेची पॉलिसी, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, मे १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुण्यात परत गादीवर बसवणं, हे सगळं या भावांच्या काळातलं.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थरने अहमदनगर घेतलं, आधी ८ तारखेला शहर शिड्या लावून आणि चार दिवसांत किल्ला. २३ सप्टेंबरला असई, आत्ताच्या जालना जिल्ह्यात. २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. मग दोन दिवसांत भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. पाच महिन्यांत दख्खनचा नकाशाच बदलला.

आता तो उतार. असईच्या लढाईच्या दिवशी शिंदे आणि भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर होती, तोफा कितीतरी जास्त, कवायती पलटणी तयार. आर्थरला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की इकडे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे बरोब्बर समोर दुसरं गाव, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे मधून माणसांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. आणि होता. ज्या माणसाचं शाळेतलं पोरपण आणि राजकारणाचे पहिले दिवस उताराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात गेले त्याला हे सुचलं, यात कार्यकारण आहे असं मी म्हणत नाही, पण मला हे वाचल्यापासून ट्रिम आणि असई वेगवेगळी आठवतच नाहीत.

त्या दिवशी त्याच्याकडचे दीड हजारांवर लोक मेले नाहीतर जखमी झाले, शिंद्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. पुढे वॉटर्लू जिंकूनसुद्धा तो असईचंच नाव आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून घ्यायचा. आपल्या गोलंदाजांची ही पावती आपण शाळेत का शिकवत नाही हे मला खरंच कळत नाही.

मतदारसंघ बंद का झाला?

१७९८ मध्ये आयर्लंडमध्ये मोठा उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि लंडनने ठरवलं की डब्लिनची पार्लमेंटच नको, आयर्लंड सरळ ब्रिटनला जोडून टाकू. हे काम तडीस नेणारा व्हाइसरॉय होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. हो तोच, टिपूशी लढलेला आणि बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणणारा. त्याच्यासोबत कासलरे हा तरुण मंत्री.

जानेवारी १७९९ मध्ये खालच्या सभागृहाने हा प्रस्ताव १११ विरुद्ध १०६ अशा मतांनी फेटाळला. मग वर्षभर पदव्या, नोकऱ्या, पेन्शनी वाटण्याचं काम चाललं, आणि फेब्रुवारी १८०० मध्ये तेच सभागृह १५८ विरुद्ध ११५ ने हो म्हणालं. आजारी असलेला ग्रॅटन जुन्या स्वयंसेवक दलाचा गणवेश घालून सभागृहात आला आणि परवानगी घेऊन बसूनच बोलला, तरी काही उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८०१ ला पार्लमेंट संपली. लंडनमध्ये आयर्लंडला १०० जागा मिळाल्या, त्यातल्या ६४ काउंट्यांच्या. लहान गावांपैकी बहुतेकांच्या जागा गेल्या, ट्रिमच्या दोन्ही गेल्या.

नुकसानभरपाई मिळाली म्हणतात, ती गावाला मिळाली का?

नाही हो. जागा गमावलेल्या प्रत्येक बरोमागे १५,००० पौंड दिले गेले, म्हणजे एका जागेला साडेसात हजार, एकूण ८४ बरोंचे मिळून १२ लाख ६० हजार पौंड. पण ही रक्कम साधारणपणे ज्या घराण्याच्या हातात बरो होता त्याला मिळायची, गावकऱ्यांना नाही. ज्याने विरोधात मत दिलं त्यालाही पैसे मिळाले, त्यामुळे काही जण याला लाच म्हणायला तयार नसतात, ते म्हणतात मालमत्ता घेतली तर मोबदला द्यायलाच हवा. माझं म्हणणं असं की मताचा हक्क मालमत्ता धरला हीच तर मूळ गोष्ट आहे, आणि सरकारने पैसे मोजून ती कागदावर कबूल केली. आपल्याकडे वतनं खालसा झाली तेव्हा वतनदाराला मोबदला मिळाला, रयतेला कोण विचारतो?

१८०१ नंतर ट्रिमला कोणी प्रतिनिधी होता की नाही?

होता, मीद काउंटीचा. आणि मजा अशी की गावाचा स्वतंत्र मतदारसंघ गेल्यानंतरचं राजकारण जास्त जिवंत वाटतं.

१८२९ मध्ये आर्थर, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, पंतप्रधान होता. आयरिश कॅथलिकांचा नेता डॅनियल ओकॉनेलने क्लेअर काउंटीतून निवडून येऊन पेच टाकला होता, शपथेमुळे कॅथलिक माणूस बसू शकत नव्हता, आणि न बसवावं तर आयर्लंड पेटणार. वेलिंग्टनने कायदा करून कॅथलिकांना पार्लमेंट खुली केली, त्यासाठी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलाचं द्वंद्वही केलं, पंतप्रधान असताना. पण त्याच दमात आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये मतासाठी लागणारी जमिनीच्या वार्षिक मोलाची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली, म्हणजे एका हाताने दिलं आणि गरीब शेतकऱ्याकडून दुसऱ्या हाताने काढून घेतलं. १८४० च्या कायद्याने ट्रिमचं जुनं कॉर्पोरेशनही बरखास्त झालं.

मार्च १८४३ मध्ये ओकॉनेलने युनियन (आयर्लंड ब्रिटनला जोडणारी ती व्यवस्था) रद्द करा म्हणून ज्या प्रचंड सभा सुरू केल्या त्यांची सुरुवात ट्रिमपासूनच. १८७५ मध्ये आयर्लंडच्या होमरूलचा, म्हणजे स्वराज्याचा, पुढचा मोठा नेता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल पहिल्यांदा निवडून आला तो याच मीद काउंटीतून. १८८५ मध्ये काउंटीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, ट्रिम दक्षिणेत.

मग १८९२. विवाहित बाईशी असलेल्या पार्नेलच्या प्रकरणावरून त्याचा पक्ष फुटलेला, आणि मीदचे कॅथलिक बिशप नल्टी यांचं पार्नेलवाद्यांविरुद्धचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. उत्तरेत मायकेल डॅव्हिट जिंकले, दक्षिणेत पॅट्रिक फुलम, दोघेही पार्नेलविरोधी गटाचे. दोन्ही निकालांना कोर्टात आव्हान दिलं गेलं, सुनावणी ट्रिममध्येच झाली, आणि धर्मगुरूंनी मतदारांवर गैर दबाव आणला म्हणून दोन्ही निवडणुका रद्द झाल्या. धर्माच्या नावाने मत मागितलं म्हणून निवडणूक रद्द, हे आपल्याकडेही कोर्टात झालेलं आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यात काही परकं वाटू नये.

होमरूल हा शब्द टिळकांनी तिकडूनच घेतला का?

हो. पार्नेल आणि त्याच्याआधीच्या लोकांनी मागितलेलं आयर्लंडचं होमरूल, त्यावरूनच १९१६ च्या लोकमान्यांच्या आणि ॲनी बेझंटबाईंच्या होमरूल लीगचं नाव आलं.

वेलिंग्टन स्वतःला आयरिश मानत नव्हता ना? तबेल्यात जन्मल्याने कोणी घोडा होत नाही असं म्हणाला होता?

हे वाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतं, पण त्याचं नाही. १८४३ मध्ये ओकॉनेल त्याच्याबद्दल असं बोलला होता. कृपया पुढे पाठवताना एवढं दुरुस्त करा.

आज ट्रिममध्ये यातलं काय बघायला मिळतं?

किल्ला आहेच, १९९३ मध्ये सरकारने विकत घेतला आणि डागडुजी करून २००० मध्ये लोकांना खुला केला. नदीच्या पलीकडे टॅलबट्स कॅसल, पूर्वी तिथे शाळा होती आणि लहान आर्थर तिथे शिकला असं सांगतात. यलो स्टीपल नावाचा अर्धा ढासळलेला मनोरा. जवळच लॅराकोर, जिथे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाला लेखक जोनाथन स्विफ्ट धर्मगुरू होता. डँगनचा वाडा मात्र जळाला, भिंती तेवढ्या उरल्या.

आणि गावात १८१७ मध्ये उभारलेला उंच स्तंभ आहे, त्याच्यावर वेलिंग्टनचा पुतळा. मराठी माणूस तिथे गेला तर त्याने तो जरूर बघावा, पण मग खाली उतरून बॉइनपर्यंत चालत जावं. किल्ल्यासमोर पाणी संथ आहे, काठावर गवत, आणि पलीकडच्या काठावर माणसं दिसतात. केळणेच्या काठावर वरूडकडे तोंड करून उभं राहिलं की असंच पलीकडचं गाव दिसतं.